'मुंबई एअरपोर्ट, 4 वाजता'

भाड्याचं विमान ठरवून देणाऱ्या दलालाचा तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. 'मुंबई एअरपोर्ट, 4 वाजता. विमान तुमचंच आहे, तुम्ही याल तेव्हा उडेल.' यात गेट नंबर कुठे आहे, कुणीतरी दाखवावं मला.

साहेब आणि तीन जर्मन पाहुण्यांना घेऊन मी पावणेचारला सहारच्या टी-2 टर्मिनलवर हजर होतो. खासगी विमानांचं टर्मिनल कलिन्याला, गेट नंबर 8 ला, हे फोन केल्यावर कळलं. सहारहून कलिना, तेही त्या ट्रॅफिकमध्ये! त्यात गेटवरच्या यादीत एका पाहुण्याचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं निघालं. आत गेलो तेव्हा पाचला पाच कमी. विमान समोर उभं, आणि वैमानिक निवांत चहा पीत बसलेला.

"आता आठनंतर," तो म्हणाला.

गर्दीच्या तासांत मुंबईची धावपट्टी खासगी विमानांना बंद असते. 2024 च्या सुरुवातीला ही बंदी दिवसाला 4 तासांवरून 8 तासांवर गेली. संध्याकाळी 5 ते 8 त्यातच आलं. आणि आम्हाला जायचं होतं त्या आमच्या कारखान्याजवळच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नाहीत. आठला उडून उतरणार कुठे? हे दलालाला ठाऊक नव्हतं? होतं. "सर, नो-शो धरावा लागेल," एवढं मात्र तो लगेच बोलला. जाण्यायेण्याचं पूर्ण भाडं, वर विमान मुंबईला आणल्याची रिकामी फेरी. साहेब पाहुण्यांदेखत म्हणाले, "एवढंच एक काम होतं तुमच्याकडे."

म्हणून सांगतो. गेट नंबर आणि लोकेशन लेखी घ्या, आणि ते ड्रायव्हरलाही पाठवा. नावं ओळखपत्राबरहुकूम आदल्या दिवशीच द्या. उतरायच्या धावपट्टीची वेळ स्वतः विचारा. रद्द झाल्यास किती कापणार, रिकाम्या फेरीचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. विमान भाड्याने देण्यासाठी लागणाऱ्या डीजीसीएच्या नॉन-शेड्यूल्ड परवान्याची प्रत मागा. मालकाच्या खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही, तरी स्वस्तात देणारे भेटतात. गोड बोलण्याला भुलू नका, हे काय सांगायला हवं!

आणि 'तुम्ही याल तेव्हा उडेल' म्हणणाऱ्याला एकच विचारा: उड्डाणाचा स्लॉट कितीचा आहे?