देवळीतली बंद यंत्रं : तीस घरांच्या पाहणीची कृती

परभणीत म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाच्या यंत्रांचं दुकान टाकायचं डोक्यात आहे ना? बीपीचं मशीन, कानाचं मशीन, मोठ्या बटणांचा फोन, उशाशी ठेवायची बेल? झकास! फक्त माल भरायच्या आधी वेळ काढा आणि तीस घरं फिरून या. काय खपेल ते घाऊक व्यापाऱ्यापेक्षा त्या घरांतल्या देवळ्या आणि फडताळं जास्त खरं सांगतात. चला, बसा माझ्या शेजारी, वही उघडा.

साहित्य : दोनशे पानी वही एक, दोन रंगांची पेनं, मोजपट्टी, पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल. एका पिशवीत तुम्हाला विकायची आहेत त्यांतली चार-पाच यंत्रं, भरलेल्या सेलसकट. आणि सोबतीला एक बाईमाणूस: बहीण, बायको, मैत्रीण, कुणीही. ती कशाला, हे दहाव्या पायरीवर कळेल.

1. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. "ज्येष्ठांना काय हवं?" हा प्रश्न नव्हे, ते भाषणाचं शीर्षक झालं. "घरातलं बीपीचं मशीन बंद पडलं की कोण चालू करून देतं?" हा प्रश्न. सावधान: प्रश्नात "आणि" आला की समजा, दोन प्रश्न झाले. एक खोडा.

2. वयाचे तीन रकाने आखा: 60 ते 64, 65 ते 74, आणि 75 च्या पुढे. कायद्याचा ज्येष्ठ नागरिक साठीला होतो, श्रावणबाळ आणि वयोश्री या सरकारी योजनांचे पैसे पासष्टीला सुरू होतात, एसटी पंचाहत्तरीला फुकट होते. म्हणजे वयासोबत खिसाही बदलतो आणि तालुक्याला जाणंही. सावधान: आधार कार्डावर 1 जानेवारी ही जन्मतारीख दिसली की ती अंदाजाची असण्याची दाट शक्यता. सरळ विचारा, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?" खडी फोडायला गेलो होतो म्हणाले, की हिशेब बरोबर लागतो.

3. चार ठिकाणं ठरवा. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, सगळे होणार नाहीत. परभणी शहरातली दहा घरं, गंगाखेडातली सहा, सोनपेठ किंवा पालम तालुक्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या गावातली आठ, आणि जिंतूरकडच्या एखाद्या तांड्यावरची सहा. झाली तीस. सावधान: ओळखीची घरं आधी सुचतात आणि ती सगळी शहरातली निघतात. तेवढ्यावर दुकान टाकलंत, तर वसमत रोडच्या पलीकडचं गिऱ्हाईक पायरी चढणार नाही.

4. तारखा ठरवा. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना कुणालाही अडवू नका. संक्रांत ते होळी हे दिवस चांगले. ऊसतोडीच्या गावात मात्र दोनदा जावं लागेल. या दिवसांत तिथे आजी-आजोबा आणि नातवंडंच असतात, कर्ती माणसं ऊसतोडीच्या जागी कोपीवर (झोपडीत). ती परतल्यावर दुसरी फेरी. सावधान: दुसरी फेरी उन्हाळ्यात येते. परभणीच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार कुणाच्या दारात उभं राहू नका, तुम्हीही पडाल आणि दार उघडायला उठलेली आजीही.

5. गावात शिरताच ग्रामपंचायतीत जाऊन आपलं नाव आणि काम सांगा. आशाताई भेटल्या तर त्यांनाही सांगा. सावधान: आशाताईंकडून आजारी माणसांची यादी मागू नका, ती त्यांनी द्यायची नसते. आणि गावपुढाऱ्याला बरोबर घेऊन फिरू नका. त्याला पाहिलं की लोकांना योजना आल्यासारखं वाटतं, मग चालू मशीनसुद्धा ट्रंकेत जातं आणि "आमच्याकडं काहीच नाही बघा" सुरू होतं.

6. दारातच तीन वाक्यं बोला. "राम राम मावशी. मी सरकारी माणूस नाही, योजना आणलेली नाही. आज काही विकणार नाही, फक्त विचारायला आलोय." मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उपकरणांसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात हे बऱ्याच जणांच्या कानावर असतं, म्हणून हे आधी स्पष्ट झालं पाहिजे. सावधान: आधार, पासबुक, ओटीपी यांतलं काहीही पाहायचं नाही, मागायचं नाही. त्यांनी स्वतःहून पुढे केलं तरी हात जोडा. उलट सांगून ठेवा, की कुणी ओटीपी मागून पैसे काढले तर लगेच 1930 ला फोन लावा.

7. वहीत घराला खूण द्या. सोनपेठचं तिसरं घर म्हणजे "सो-3". सावधान: नाव लिहायचं नाही. वही एसटीत विसरली तर कुणाच्या घरातली दुखणी गावभर व्हायला नकोत.

8. पाणी प्या आणि कालचा दिवस विचारा. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" एवढंच. गोळी कधी घेतली, फोन कुणाचा आला, रात्री अंगणात जाताना दिवा कुणी लावला, सगळं यातूनच निघतं. उर्दूत बोलणारं घर असेल तर उर्दूत, तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली येणारा कुणी बरोबर असेल तर फारच उत्तम. सावधान: मध्येच पिशवी उघडू नका. यंत्र दिसलं की माणूस कालचा दिवस विसरतो आणि यंत्राचं कौतुक करायला लागतो. दारी आलेल्याचं मन मोडायचं नाही ही आपल्याकडची रीत. त्यामुळे "छान आहे की!" हे वाक्य वहीत कधीच उतरवायचं नाही.

9. आता विचारा, "घरात बंद पडलेलं काय काय आहे?" इथे घाई नको, या पायरीला मी अर्धा तास देतो. देवळीतून, कपाटावरून, कधी तांदळाच्या डब्यामागून वस्तू निघायला लागतात. एकेक हातात घ्या आणि चार गोष्टी लिहा: कुणी आणलं, शेवटचं कधी वापरलं, बंद का पडलं, नंतर कुणाला दाखवलं. "बंद का" हा रकाना रुंद ठेवा. सेल संपले. शुगरच्या मशीनच्या पट्ट्या संपल्या, दुसऱ्या कंपनीच्या आणल्या, त्या चालल्या नाहीत (चालतच नाहीत, ज्या मशीनची पट्टी त्याच मशीनला). कानाच्या मशीनमध्ये नुसती शिट्टी वाजते. आकडे दिसत नाहीत. चार्जिंगची पिन वाकली. शिकवणारा नातू पुण्याला गेला. यातलं प्रत्येक कारण म्हणजे तुमच्या धंद्याची एक वेगळी दिशा आहे, म्हणून ते माणसाच्या शब्दांत लिहा, तुमच्या शब्दांत नको. सावधान: सेल बदलून द्यायला हात शिवशिवतील. आधी लिहा, मग बदला. आधी बदललंत तर पुढचं सगळं बोलणं तुमच्या उपकाराभोवती फिरेल.

10. प्रत्येक वस्तूपुढे तीन माणसं लिहा: वापरणारा, चालवून देणारा, पैसे देणारा. बीपी आजींचं, पट्टा बांधणार सूनबाई, पैसे पाठवणार भोसरीतला मुलगा, असं कितीतरी घरांत असतं. तिघांच्या गरजा तीन तऱ्हेच्या. आजींना पट्टा आवळलेला नको, सूनबाईंना स्वयंपाक सोडून उठायला नको, मुलाला आकडा मोबाइलवर हवा. सावधान: तिघांना एकत्र बसवून विचारू नका. सासूसमोर सून बोलत नाही, मुलासमोर आई खर्च सांगत नाही. सोबतच्या बाईमाणसाचं काम इथे सुरू होतं. तिने आत चुलीपाशी बसावं, तुम्ही ओसरीवर.

11. सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, "रात्री कितीदा उठावं लागतं?" पाठोपाठ, "माहेरी शेवटचं कधी गेलात, तेव्हा मागे कोण होतं?" या दोन उत्तरांतून उशाशी ठेवायची बेल खपेल की कमोड खुर्ची, हे कळतं. सावधान: "त्रास होतो का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "छे, त्रास कसला, आपलीच माणसं."

12. बाहेरगावच्या मुलाला किंवा मुलीला फोन करायला आजी-आजोबांची परवानगी घ्या. मिळाली तर रात्री आठनंतर फोन करा. सावधान: आईने सांगितलेलं मुलाला आणि मुलाने सांगितलेलं आईला कळवायचं नाही. एकदा असं केलंत की त्या गावात पुन्हा दार उघडत नाही.

13. आता पिशवीतलं एक यंत्र आजोबांच्या हातात द्या आणि दोन मिनिटं गप्प बसा. खरंच गप्प! बोट कुठे थबकतं, यंत्र डोळ्यांपासून किती लांब धरतात, बटण दाबतात की घासतात, ते पाहा. कापूस वेचून आणि खुरपं धरून बोटांची कातडी झिजलेली असते. अंगठा यंत्रावर उमटत नाही हा अनुभव त्यांना रेशन दुकानात आलेला असतो, त्यामुळे काच घासायच्या फोनची धास्ती आधीच बसलेली असते. सावधान: "इथं दाबा" हे शब्द तोंडाशी येतील. स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवा, मी तेच करतो.

14. मोजपट्टी काढा. संडासाच्या दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची, आणि खाटेपासून विजेच्या बटणापर्यंतचं अंतर मोजा. सावधान: ही पायरी गाळू नका. दुकानात ऐटीत उभा असलेला वॉकर दारातून आत गेलाच नाही, तर आठव्या दिवशी तो परत तुमच्या दुकानात.

15. मागच्या वर्षी झालेला खर्च विचारा. चष्म्याला किती दिले, कुणी दिले, रोख की उधार. निराधार किंवा श्रावणबाळचे महिन्याचे 1500 रुपये येत असतील, तर त्यातले औषधाला किती जातात तेही विचारा. सावधान: "या मशीनचे किती द्याल?" हे विचारू नका. तोंडी आकडा फुकटचा असतो.

16. निघताना तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या आणि आठ दिवस वाट पाहा. स्वतःहून कुणी फोन केला ते मोजा. माझ्या मते सगळ्या पाहणीतला हा सर्वांत खरा आकडा. सावधान: आठवण करून द्यायला तुम्ही फोन लावायचा नाही.

17. त्याच रात्री वही पुरी करा. सावधान: उद्यावर टाकलंत की सो-3 ची आजी गं-2 च्या आजीत मिसळते.

18. तीस घरं झाल्यावरच मेडिकल, चष्म्याचं दुकान आणि मोबाइल दुरुस्तीवाला गाठा. "परत काय येतं?" एवढंच विचारा. सावधान: आधी त्यांच्याकडे गेलात तर त्यांचंच मत डोक्यात घेऊन घरोघर फिराल.

19. "बंद का" हा रकाना मोजा. "तीसपैकी अमुक घरं" असं लिहा. सावधान: टक्के काढायचे नाहीत. तीस घरांवरून जिल्ह्याचे टक्के सांगणाऱ्याला बँकवालाही हसतो.

20. निर्णय घ्या. सेल, पट्ट्या, पिन आणि शिकवणं यांचीच गर्दी झाली असेल, तर गाळा भाड्याने घेऊ नका. दुचाकीला पेटी बांधा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुरुस्तीची फेरी सुरू करा. मुळात यंत्रच नाही अशी घरं जास्त निघाली, तरच दुकान. सावधान: मन आधीपासून दुकानाकडे ओढत असतं, म्हणून ही बेरीज दुसऱ्याकडून तपासून घ्या.

21. ज्या घरांत सेल बदलून दिले, तिथे महिन्याभराने फोन करा. मशीन चालू आहे की परत देवळीत गेलं, एवढंच विचारा आणि शेवटच्या रकान्यात लिहा. सावधान: फोन सकाळी दहानंतर करा, त्याआधी आजी देवपूजेत असतात.