बंड्याच्या पिसांबद्दल

कोल्हापूर

चि. सानिका,


तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. छाती उघडी पडलीय, मांड्यांवर नुसती लव उरलीय, पण डोकं मात्र पिसांनी नीट भरलेलं आहे. यातलं डोकं महत्त्वाचं. पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे बंड्या आपल्याच चोचीनं पिसं उपटतोय. डोक्यावरचीही गेली असती तर मी आधी पिसांच्या विषाणूजन्य आजाराचा विचार केला असता. ही नेहमीची पीसझडही नाही. तिच्यात पिसं दोन्ही अंगांनी थोडी थोडी गळतात, अशी टकलं पडत नाहीत.

ताई म्हणते, तू ऑफिसला जायला लागलीस म्हणून तो रुसलाय. असेलही. पण तपासणी झाल्याशिवाय घरात कुणी हे बोलू नका, कारण एकदा ‘मनाचं आहे’ असं ठरलं की शरीराकडे कुणी बघत नाही. यकृताचा विकार, आतड्यातले परजीवी, कॅल्शियमची कमतरता, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, पिंजऱ्याच्या जाळीवरचं जस्त पोटात जाणं, यांतल्या कशानंही पक्षी स्वतःला टोचू लागतो. तुझा पिंजरा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा आहे आणि बंड्या ती तार चावत बसतो, हे डॉक्टरांना न विसरता सांग. रक्त, विष्ठा, विषाणूची चाचणी आणि एक एक्स-रे, एवढं करून घे. डॉक्टर मात्र पक्ष्यांचाच गाठ. माझ्या पिढीच्या पशुवैद्यांना पक्षी म्हणजे कोंबडी. निवृत्तीनंतर मीही आता सल्लाच देऊ शकते, निदान नाही.

तोवर एक वही घाल. पिसं केव्हा उपटतो, तेव्हा घरात कोण असतं, एसी चालू होता का, काय खाल्लं होतं, सगळं लिही. पिंजऱ्याच्या तळाला पडलेलं पीस उचलून बघ. मुळासकट निघालं असेल तर त्या जागी नवं लवकर फुटायला लागतं. मधेच कुरतडलेलं असेल तर खुंट आत राहतो आणि पुढची पीसझड येईपर्यंत ती जागा तशीच दिसते. हे ठाऊक नसलं की माणूस उगाच महिनाभरात निराश होतो.

आता त्याच्या दिवसाबद्दल. बंड्या आफ्रिकन ग्रे, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलातला पक्षी. तिथे तो थव्यानं राहतो आणि दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात, फळं फोडण्यात, साली सोलण्यात घालवतो. तुझ्याकडे सकाळी वाटी भरली जाते, पंधरा मिनिटांत त्याचं पोट भरतं आणि संध्याकाळी तू येईपर्यंत त्याच्या चोचीला उद्योग नसतो. मग जवळचं सोलण्यासारखं जे काही असतं, ते म्हणजे त्याची स्वतःची पिसं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००३ साली ॲमेझॉन पोपटांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणं शोधून, उकलून मिळवायची सोय आणि पिंजऱ्यात चढा-लोंबायला भरपूर वस्तू दिल्यावर पिसं उपटणं कमी झालं, आणि आधीपासून दिलेल्यांत ते रोखलंही गेलं.

तेव्हा वाटी बंद कर. मक्याचं कणीस पानांसकट टांग. भिजवलेले हरभरे कागदाच्या पुड्यांत बांधून पिंजऱ्यात ठिकठिकाणी खोच. नारळाच्या करवंटीत पेरूचा तुकडा कोंब, वर शेवग्याची पानं दाब. गुळगुळीत दांडी काढून औषध न फवारलेली पेरूची फांदी साल न काढता लाव. चार दिवसांत सोलून तिचं लाकूड करील, मग दुसरी आण. सुरुवातीला पुडी त्याच्यासमोर उघडून दाखवावी लागेल. वर्षानुवर्षं आयतं खाणाऱ्याला शोधायचं शिकवावंच लागतं. सूर्यफुलाच्या बिया एकदम बंद करू नकोस, हळूहळू कमी कर आणि पेलेट्स वाढव. नुसत्या बियांवर जगणाऱ्या ग्रेला कॅल्शियम कमी पडतं.

सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा मार. एसीच्या कोरड्या हवेत त्याची कातडी खाजत असणार. मग थोडा वेळ गॅलरीतलं ऊन, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून आणि कुणी तरी जवळ बसून. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. आणि रात्री साडेअकरापर्यंत हॉलमध्ये मालिका चालतात, त्या खोलीतून त्याला हलव. विषुववृत्ताजवळच्या पाखराला वर्षभर बारा तासांची रात्र सवयीची असते.

लाड फक्त डोक्याचे कर. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवलास की तो तुला जोडीदार समजतो, आणि वयात आलेल्या पक्ष्याची ती ओढ पिसांवर निघते. त्यानं पीस ओढलं की “बंड्या, नको!” म्हणत धावत जाऊ नकोस, ते त्याला बक्षीसच वाटतं. पुडी उकलत असेल तेव्हा जा, बोल. दुसऱ्या खोलीतून त्यानं शीळ घातली तर शिळेनं उत्तर दे. थव्यातले पोपट एकमेकांना असंच ‘आहेस का?’ विचारत असतात.

अंगाला हळद, तेल, मलम काहीही लावू नकोस. तेलानं पिसं चिकटतात आणि चोचीवाटे ते पोटात जातं. धूप, डासांची अगरबत्ती आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ त्याच्यापासून लांब. तव्याची वाफ तर जीवघेणी. गळ्यात कॉलर घालायची ती कातडीला जखम करू लागला तरच, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. माणसांच्या गोळ्यांचं तर नावही काढू नकोस.

जोडीला दुसरा पोपट आणायचा तुझ्या बाबांचा विचार मला मुळीच पटत नाही. दोघांचं जमेलच असं नाही, आणि आजार संसर्गाचा निघाला तर दुसराही जाईल. ते म्हणतात तो आपला हिरवा पोपट तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पाळताच येत नाही. बंड्याचीही ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद झालीय ना, ते बघ. त्याची जात ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी सक्तीची आहे.

छाती पुन्हा भरेलच असं मी सांगणार नाही. वारंवार उपटल्यावर काही मुळं कायमची मरतात आणि तिथे कधीच काही उगवत नाही. पण दोन-तीन महिन्यांनी तो दिवसभर खुडबुड करतोय, वजन टिकून आहे, झोप शांत आहे, असं वहीत दिसलं तर उपाय लागू पडला असं समज, छाती उघडी राहिली तरी. पाहुणे हसतील, हसू देत.

रक्ताचे रिपोर्ट आले की लगेच पाठव आणि दर रविवारी त्याचं वजन वहीत लिही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. ताईला म्हणावं, फोन उचलत जा.

तुझी,
सुमामावशी