आधी धागा, मग रेझिन

पोरी, साकीनाक्याच्या गाळ्यात काचेच्या मॅटऐवजी काथ्या नि घायपात वापरायचं तू मनावर घेतलंयस, फार बरं वाटलं. पण रेझिनचा डबा उघडण्याआधी धागा हातात घेऊन बघ. काचेच्या मॅटला कारखान्यातच रेझिन धरेल असा लेप दिलेला असतो. झाडाच्या धाग्यावर मेण आणि पेक्टिन असतं, शिवाय त्याला पाण्याची ओढ. तेलकट भिंतीवर रंग धरत नाही, तसं रेझिन त्यावर नुसतं टेकतं.

इलाज कॉस्टिक सोड्याचा. 1844 मध्ये जॉन मर्सरने सुती कापडावर कॉस्टिकचा जो परिणाम पाहिला, त्याच वाटेवरचा हा, फक्त पाणी सौम्य ठेवायचं: लिटरला साधारण 50 ग्रॅम. फ्लेक्स पाण्यात थोडेथोडे सोड. फ्लेक्सवर पाणी कधीच ओतू नकोस, उसळून अंगावर येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय टबाजवळ जायचं नाही. घायपाताला तास-दोन तास पुरतात. काथ्यात लिग्निन भरपूर, तो जास्त वेळ मागतो. लोभाने पाणी कडक केलंस तर सेल्युलोजच खचतं आणि धागा हातात तुटतो. मग भरपूर धुणं, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि लिटमस निळा होईनासा झाला की पुरे. टबातलं तपकिरी पाणी गटारात जाऊ देऊ नकोस, पुढे मिठी नदी आहे.

खरी परीक्षा वाळवण्यात. जुलै-ऑगस्टमध्ये अंधेरीच्या हवेत दोरीवर टाकलेला धागा कोरडा वाटतो, पण तसा नसतो. ओव्हनमध्ये 70-80 अंशांवर ठेव आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुनःपुन्हा तोल. बाहेर काढलास की लगेच जाड पॉलिथिनमध्ये बंद कर आणि त्याच दिवशी वापर. आत राहिलेला ओलावा पुढे बुडबुडे होऊन दिसतो.

धागा तयार झाला की मग रेझिन. ते लवकर घट्ट करणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट घोटायचं, मगच हार्डनर.

माटुंग्याला 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. धाग्याबद्दल अडलीस तर तिथे विचार.

दोन पट्ट्या ओत, एक धुतलेल्या धाग्याची, एक न धुतलेल्या. दोन्ही मोड आणि तुटलेली कड भिंगाखाली धर. लांब, स्वच्छ धागे उपसून बाहेर आलेले दिसले तर रेझिनने धरलंच नव्हतं. कडेलगत आखूड तुटलेले, रेझिनचे कण चिकटलेले दिसले, तर मोठी शीट ओतायला घे.