पॅरामीटरच्या क्वेरीचा खरा प्लॅन

पॅरामीटर असलेल्या क्वेरीचा प्लॅन तपासताना बहुतेक जण पॅरामीटरच्या जागी हाताने किंमत लिहितात आणि तिथेच फसतात. माणसाला क्वेरी तीच वाटते; डेटाबेससाठी ती दुसरीच असते.

धाराशिव जिल्ह्यातील पीक विम्याच्या अर्जांची गावनिहाय यादी काढणाऱ्या एका प्रणालीत हा अनुभव प्रस्तुत लेखकाला आला. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल. ढोकी, मुरूम, अणदूर अशा मोठ्या गावांचे अर्ज हजारोंनी, वाड्या-तांड्यांचे मोजकेच. सकाळी सर्व्हर सुरू झाल्यावर याद्या झटपट निघत. दुपारी ढोकीची यादी मागितली की स्क्रीनवरचे चक्र फिरतच राही आणि सातबारा हातात घेतलेले शेतकरी खिडकीपुढे ताटकळत. तीच क्वेरी 'ढोकी' असे लिहून हाताने चालवली, तर उत्तर क्षणात. त्यामुळे तीन दिवस नेटवर्क आणि मेमरी यांनाच दोष दिला गेला. प्लॅन पाहिला होता, पण चुकीच्या क्वेरीचा.

पोस्टग्रेएसक्यूएल तयार करून ठेवलेली क्वेरी पहिल्या पाच वेळा दिलेल्या किमतीप्रमाणे नव्याने आखते. हा कस्टम प्लॅन. त्यानंतर किंमत न पाहता सरासरी गाव धरून एक जेनेरिक प्लॅन आखला जातो आणि त्याचा अंदाजी खर्च आधीच्या पाचांच्या सरासरीशी ताडला जातो. जेनेरिक स्वस्त दिसला की त्या कनेक्शनवर पुढे तोच चालतो. खरी मेख इथे आहे. पहिल्या पाचांत एखादे मोठे गाव आले की कस्टम प्लॅनची सरासरी चढते, कारण त्याने मोठ्या गावाचा खर्च प्रामाणिकपणे मोजलेला असतो. जेनेरिकला गावाचा आकार माहीतच नसतो, म्हणून तो कागदावर स्वस्त ठरतो. मग ढोकीच्या प्रत्येक अर्जासाठी खातेदारांच्या टेबलात इंडेक्समधून वेगळी फेरी होते. जुन्या हार्ड डिस्कवर अशा हजारो फेऱ्या म्हणजे मिनिटांची बात. कनेक्शन दिवसभर उघडेच राहत असल्याने दुखणे दुपारी दिसे आणि सकाळी नाहीसे होई.

खरा प्लॅन पाहायचा तर क्वेरी आधी 'प्रिपेअर' करावी आणि मग 'एक्सप्लेन एक्झिक्यूट' वापरावे. तेही एकदा नव्हे, एकाच कनेक्शनवर सहा-सात वेळा, लहान-मोठी गावे आलटून पालटून देऊन. अटीच्या ओळीत 'ढोकी' हे नाव दिसले तर प्लॅन कस्टम. त्या जागी '$१' दिसले तर जेनेरिक. ही एकच ओळ वाचायची सवय असती, तर ते तीन दिवस वाचले असते. आवृत्ती १२ पासून 'प्लॅन कॅश मोड' या सेटिंगने दोन्हींपैकी हवा तो प्लॅन सक्तीने निवडता येतो. आवृत्ती १६ मध्ये 'एक्सप्लेन'ला 'जेनेरिक प्लॅन' हा पर्याय मिळाला. त्यात '$१' तसेच ठेवून प्लॅन मागता येतो.

चालू प्रणालीत मात्र 'ऑटो एक्सप्लेन' हे मॉड्यूलच कामाचे. ठरवलेल्या वेळेपेक्षा रेंगाळलेल्या क्वेरीचा प्रत्यक्ष वापरला गेलेला प्लॅन ते लॉगमध्ये लिहिते, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही.

पॅरामीटरचा प्रकारही अॅप्लिकेशन पाठवते तोच द्यावा. पूर्णांकाच्या रकान्याशी न्यूमेरिक प्रकारची किंमत जुळवायला गेले की रकान्याचेच रूपांतर होते आणि त्यावरचा इंडेक्स पडून राहतो. हाताने लिहिलेल्या साध्या आकड्यात हा दोष दिसत नाही.

वरील प्रकरणात त्या एका यादीपुरता कस्टम प्लॅन सक्तीचा केला. दर वेळी आखणीचा थोडा वेळ जातो, पण यादीच्या तुलनेत तो नगण्य. सगळ्या डेटाबेसला तीच सक्ती लावू नये. लहान, सतत येणाऱ्या क्वेऱ्यांना जेनेरिकच परवडतो. आणि 'एक्सप्लेन अॅनालाइझ' क्वेरी खरोखर चालवते, हे 'अपडेट' किंवा 'डिलीट' तपासताना ध्यानात ठेवावे: आधी 'बिगिन', नंतर 'रोलबॅक', नाहीतर तपासणीच्या नादात शेतकऱ्याचा अर्ज बदलून बसतो.