वनहुतात्मा दिन 11 सप्टेंबरलाच का?

प्रश्न : मुलाकडे बेंगळुरूला गेले असताना, मल्लेश्वरमच्या अरण्य भवनात 11 सप्टेंबरला वनहुतात्म्यांना आदरांजली वाहिल्याची बातमी वाचली. हीच तारीख का? आणि वनहुतात्मा कोणाला म्हणायचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : या तारखेचे मूळ राजस्थानात आहे. 1730 साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता. त्याच्या सरपणासाठी माणसे खेजडली गावात झाडे तोडायला आली. ही झाडे खेजडीची, म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो त्या शमीची. बिश्नोई समाजातल्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि तिथेच मारल्या गेल्या. त्यांच्या मागोमाग आसपासच्या गावांतले लोक पुढे आले. एकूण 363 जणांनी जीव दिला. तो दिवस 11 सप्टेंबरचा मानतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2013 मध्ये तोच राष्ट्रीय वनहुतात्मा दिन ठरवला.

या दिवशी कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या वनकर्मचाऱ्यांचे स्मरण होते. कर्नाटकात पी. श्रीनिवास यांचे नाव आजही आदराने घेतात. भारतीय वनसेवेतल्या या अधिकाऱ्याने चंदनतस्कर वीरप्पनच्याच गोपीनाथम गावात फिरता दवाखाना सुरू केला, मारियम्मनचे देऊळ उभारले आणि गावकऱ्यांना आपलेसे केले. वीरप्पन शरण यायला तयार आहे, असा निरोप आला, तेव्हा ते निःशस्त्र निघाले. 10 नोव्हेंबर 1991 रोजी वीरप्पनने त्यांची हत्या केली. पुढे त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले.

आपल्या ताडोब्यातले उदाहरण तर अगदी अलीकडचे. 20 नोव्हेंबर 2021 रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे वनमजुरांना घेऊन व्याघ्रगणनेसाठी पायी निघाल्या होत्या. पुढे वाटेवर वाघीण बसलेली दिसली. बराच वेळ थांबूनही ती हलेना, म्हणून त्यांनी वळसा घेतला. वाघीण पाठोपाठ आली आणि तिने स्वातीताईंना ओढून नेले. देशातल्या वाघांचा आकडा आपण अभिमानाने सांगतो, त्यामागे अशी पायपीट असते.

पुष्पचक्र वाहायलाच हवे. पण रोजंदारीवर गस्त घालणाऱ्या वनमजुराला विमा, चांगले बूट, चालणारा वायरलेस आणि वेळेवर पगार मिळणे, हाही त्याच सन्मानाचा भाग आहे. तो जिवंतपणीच मिळायला हवा.