गरोदरपण, इन्सुलिन आणि रक्तदाबाचं यंत्र



मागच्या अंकात रक्तक्षयावर लिहिलं होतं. या वेळचा विषय त्यामानाने थोड्या मातांचा आहे. पण आमच्या आरोग्य गटाच्या वहीत गेल्या वर्षी ज्या एका नोंदीने मला सगळ्यात जास्त छळलं, ती याच आजाराची आहे, म्हणून लिहिते.

ती मोखाड्याकडची, वय वीस. दिवाळी झाल्यावर नवऱ्याबरोबर वज्रेश्वरीच्या रस्त्याकडेच्या एका वीटभट्टीवर आली. आपल्या तालुक्याच्या पूर्वेला आणि पुढे भिवंडीपर्यंत अशा भट्ट्या आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं शेठकडून उचल घेऊन येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात आम्ही तपासणीला गेलो तेव्हा तिला तिसरा महिना होता. आश्रमशाळेत असताना, बाराव्या वर्षी, तिला टाइप वन मधुमेह निघाला होता. म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. खोपटीत तिने एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली होती आणि आतल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली. मी थक्क झाले. साखर तपासली, बरी निघाली. ‘हुशार आहेस गं,’ म्हणाले आणि पुढच्या खोपटीकडे वळले. रक्तदाबाचं यंत्र पिशवीतच राहिलं. लघवी तपासली नाही. इथल्या सरकारी दवाखान्यात नाव घातलंस का, एवढंही विचारलं नाही. चौतीस वर्षं परिचारिकेची नोकरी केलेली मी!

चूक कुठे झाली ते समजायला थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल.

गरोदरपणात बाळाचं पोषण वारेतून होतं. वार नीट रुजावी म्हणून गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पहिल्या काही महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. काही मातांमध्ये त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग रक्ताची ओढ लागलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते, की त्यांनी तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 च्या वर जातो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तो वाढला की मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा होते आणि झटके येतात. झटके आले की तो एक्लॅम्प्सिया. आपल्या आज्या ‘बाळंतपणातली आकडी’ म्हणायच्या ती हीच.

सर्वसाधारण शंभर गरोदर मातांत तीन ते पाच जणींना हा आजार होतो. टाइप वन मधुमेह असलेल्या शंभरात दहा ते वीस जणींना होतो. कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर वर्षानुवर्षांच्या साखरेने आधीच झिजलेलं असतं. मधुमेह जितका जुना, साखर जितकी अनियमित, तितका धोका जास्त, आणि मूत्रपिंडावर आधीच परिणाम झाला असेल तर फारच. त्या मुलीच्या अंगात मधुमेह आठ वर्षं मुरलेला होता. एका दिवसाची चांगली साखर पाहून मी निश्चिंत व्हायला नको होतं.

दुसरी गोष्ट, हा आजार सुरुवातीला दुखत नाही. ‘गरोदर बाईचे पाय सुजतातच’ असं आपण म्हणतो ते बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच सूज ही भरवशाची खूण नाही. सूज असून आजार नसतो, आजार असून सूज नसते. दंडाला पट्टा बांधणं आणि लघवी तपासणं, याशिवाय आजार सुरुवातीला सापडत नाही. पट्टी नसेल तर परीक्षानळीत लघवी तापवायची आणि ढगाळली तर दोन थेंब अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालायचं. तरीही ढग राहिला, तर त्यात प्रथिनं आहेत. आमच्या शिकाऊपणात आम्ही हेच करायचो.

आता डिसेंबराचं महत्त्व. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनची गोळी वेळेवर सुरू केली तर हा धोका कमी होतो. 2017 साली सहा देशांतल्या जास्त धोक्याच्या मातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत, 37 आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी झाला. जागतिक आरोग्य संघटना मधुमेही मातांना 75 मिलिग्रॅम, तेही विसाव्या आठवड्याच्या आत सुरू करायला सांगते. बारा ते सोळा आठवड्यांचा काळ सर्वांत चांगला, कारण वार तेव्हा रुजत असते. गोळी स्वस्त आहे, पण ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची आहे. घरातल्या डब्यातली कुणी देऊ नये.

आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. मोखाड्याच्या पाड्यावर आशाताई दारात येते, अंगणवाडीत नाव असतं. भट्टीवर ती कुणाच्याच वहीत नसते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर गरोदर मातांना मोफत तपासतात, पण त्या दिवशी गेलं तर विटा पडत नाहीत आणि आठवड्याच्या खर्चीत तेवढी तूट येते. खाणंही बदलतं. गावी नागलीची भाकर असते, नागलीत कॅल्शियम भरपूर. भट्टीवर भात आणि मिरची. कॅल्शियम कमी पडणाऱ्या मातांना ते गोळीतून दिल्यास प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेचा ज्यात सहभाग होता त्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत आणि टांझानियातल्या 22,000 माता होत्या. त्यात रोज 500 मिलिग्रॅमची मात्रा या आजाराबाबत 1500 च्या तोडीची ठरली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुन्हा गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, दोन दिवस डोकं ठणकतंय, उन्हाने असेल.’ आणि मग आनंदाने, ‘आता इन्सुलिन कमी लागतं.’ माझ्या पोटात गोळा आला. गरोदरपणाच्या उत्तरार्धात इन्सुलिनची गरज वाढत जाते, कधी दुप्पट होते. ती अचानक घटली तर वार थकत असल्याची शंका घ्यावी लागते. पाय फारसे सुजलेले नव्हते. रक्तदाब 170/112. 108 ला फोन केला.

160/110 च्या वर रक्तदाब ही तातडीची वेळ. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. दवाखान्यात रक्तदाब उतरवतात आणि मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. त्याने झटक्यांची शक्यता निम्म्यावर येते, हे 2002 मध्ये सुमारे दहा हजार मातांवरच्या अभ्यासात सिद्ध झालं आहे. खरा उपाय मात्र बाळंतपण हाच, वार बाहेर पडली की आजार ओसरू लागतो. लगेच नाही. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस दवाखान्यातच राहावं आणि पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवावं. त्याच वेळी इन्सुलिनची गरज मात्र एकदम खाली येते. जुनीच मात्रा टोचली तर साखर धोकादायक उतरते.

तिला झटके आले नाहीत. एकतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रियेने मुलगी झाली, सव्वा किलोची. नऊ दिवस जगली. अ‍ॅस्पिरिनने हे टळलंच असतं असं मी म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. पण विचारायला हवं होतं, आणि तपासायला.

या दिवाळीनंतर आमच्या वहीत प्रत्येक गरोदर मातेपुढे चार रकाने असतील: कितवा आठवडा, रक्तदाब, लघवी, इथल्या दवाखान्यात नोंद. दंडाच्या पट्ट्याची आणखी दोन यंत्रं आणि लघवी तपासायच्या पट्ट्या हव्या आहेत. ज्यांच्या शेताला लागून भट्टी आहे किंवा ज्यांची भट्टीवाल्यांशी ओळख आहे, त्यांनी 9 तारखेची सुटी मजुरी न कापता मिळवून द्यायला मदत करावी. रविवारी मिस्सेनंतर आमची गाडी निघते, दोन जागा रिकाम्या असतात.

ती मुलगी याच भट्टीवर परत येणार आहे, तसा निरोप आला. तिचं माता-बाल सुरक्षा कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: टाइप वन मधुमेह. मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया. पाळी चुकली की लगेच दाखवणे.