नावेच्या मोटरीचा पंप

मंडळी, विहिरीवरचा पंप आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. आपल्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथले पंप गावोगावच्या शेतांत पोचले. पंप कोरडा चालवू नये, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण नावेच्या मोटरीतही एक लहान पंप असतो. तो मात्र पुष्कळांना माहीत नसतो. आज त्याचा धडा घेऊ.

साताऱ्याकडे कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. बामणोली, तापोळा या भागात पलीकडे जायला नाव लागते. सांगलीकडे पुरात नाव लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली. कितीतरी जीव गेले. पुरात नाव धड असणे म्हणजे काय, हे तेव्हापासून सांगावे लागत नाही.

कृष्णाकाठच्या एका गावी आम्ही गेलो होतो. गावाची नाव होती. मोटरही होती. पोरांनी मोठ्या हौसेने ती अंगणातच चालू करून दाखवली. आवाज झकास आला. सगळे खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी नदीत नेली, तर दहा मिनिटांत मोटर तापून बंद पडली. नशीब, तेव्हा पूर नव्हता! वल्ही मारत सगळे काठाला आले. दोष कशात होता? आदल्या दिवशी पंप कोरडा फिरला होता.

आता हा पंप कसा चालतो ते बघा. मोटर तापते. तिला गार ठेवायला नदीचेच पाणी लागते. मोटरीचा खालचा पाय पाण्यात बुडतो. त्या पायाच्या वरच्या टोकाला पंप असतो. त्यात रबराचा इंपेलर असतो. त्याची पाती भांड्यात वाकतात आणि पुन्हा उघडतात. उघडताना पाणी ओढतात, वाकताना वर ढकलतात. पाणी हेच त्या रबराचे वंगण. पाणी नसेल तर थोड्याच वेळात रबर करपते. गाळ आणि वाळूही रबर खातात. मोटर फार दिवस पडून राहिली, तर पाती वाकल्या जागी तशीच कडक होतात.

मोटरीच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते. ती मोटरीची नाडी समजा. धार आटली, की मोटर लगेच बंद करा. आधी धारेचे भोक आणि खालची जाळी साफ करा. तरीही धार येत नसेल, तर पंप उघडावा लागेल.

पंप असा बदला :

१. प्लगची वायर काढा. मोटर चुकून चालू झाली तर हात जाईल.

२. पायाचे बोल्ट काढा. गिअरची कांब जोडलेली असेल तर ती सोडवा. पाय सरळ खाली ओढा.

३. पंपाचे भांडे उघडा. जुना इंपेलर काढा. त्याला अडवणारा धातूचा छोटा तुकडा असतो. त्याला चावी म्हणतात. ती हरवू नका.

४. पाती मोजा. एखादे तुटले असेल तर तुकडा शोधून काढा. तो वरच्या वाटेत अडकला, तर नवा पंपही पाणी चढवणार नाही.

५. भांडे आणि खालची पट्टी बघा. खोल ओरखडे असतील तर तीही बदला. गॅसकेट नवेच घाला.

६. नव्या इंपेलरला साबणाचे पाणी लावा. भांडे बसवताना उभा शाफ्ट मोटर फिरते त्याच बाजूला फिरवा. बहुतेक मोटरींत ती वरून पाहता घड्याळाच्या काट्याची दिशा असते. उलटा फिरवू नका.

७. पाय चढवताना पाण्याची नळी तिच्या भोकात नीट बसू द्या. ही नळी चुकली, तर सगळी मेहनत वाया. गिअरची कांब पुन्हा जोडा. बोल्ट आलटून पालटून सारखे आवळा.

८. पाण्यात फिरणारा पंखा काढून ठेवा. पाय पाण्याच्या पिंपात बुडवा. पंप पाण्याखाली गेलाच पाहिजे. गिअर न टाकता मोटर चालू करा. धार आली, की काम झाले.

इंपेलर मोटरीच्या नंबराप्रमाणेच घ्या. दरवर्षी मे महिन्यात पंप उघडून बघा. एक जादा इंपेलर डब्यात ठेवा. पूर आल्यावर दुकान उघडे सापडत नाही, आणि छपरावर बसलेली माणसे थांबू शकत नाहीत.

सांगा पाहू :

१. मोटर अंगणात कोरडी का चालवू नये?

२. धार आटली तर आधी काय कराल?

३. तुमच्या गावच्या नावेचा पंप शेवटी कधी उघडला? विचारून या.